मागच्या गाडीची हवा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात होते. "शुभा, तू इकडे ये," एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, घाई नव्हती, काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला कळलं. लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी खाली आले आणि टॅक्सी बघायचं सोडून सवयीने एमआरटीत, म्हणजे इथल्या सिंगापूरच्या मेट्रोत, शिरले. मी जुरोंग ईस्टला राहते, माझा थोरला भाऊ सुधीर पासिर रिसला. वीस वर्षं आम्ही दोघांनी एकाच हिरव्या लाईनवर संसार केले. पासिर रिस म्हणजे त्या लाईनचं शेवटचं स्टेशन, पाऊण तास तरी लागतोच. भाऊ गेल्यावर बहिणीला जे आठवायला हवं, त्याचं हसणं, लहानपणची भांडणं, भाऊबीज, त्यातलं त्या पाऊण तासात मला काही म्हणजे काही आठवलं नाही. डोक्यात एकच होतं, की दादाला एक गोष्ट सांगायची राहिली आणि आता ती सांगता येणार नाही. दुःखाच्या आधी मला भीती वाटली, हे मी आज लपवत नाही. समोरच्या एका चिनी आजींनी माझ्याकडे पाहून स्वतःची जागा मला दिली, आणि मी चक्क बसले.

दादा सकाळी समुद्राकाठी फिरून आला, खुर्चीत बसला, चहा टाक म्हणाला. वहिनी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. त्याला सहा आठवडे झाले. मधे इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्यांनी निरोप पाठवला की तुम्ही त्यांच्यावर चार शब्द लिहून द्या, आमच्या अंकाच्या पुरवणीत देऊ. मी नाही म्हणून कळवलं. नंतर हो म्हटलं, ते का, ते ओघात येईलच.

दादा बोटीवर चीफ इंजिनिअर होता. तीस-बत्तीस वर्षं त्याने इंजिन रूममध्ये काढली, आणि शेवटची काही इथल्याच एका कंपनीत, किनाऱ्यावरच्या नोकरीत. लोक म्हणायचे, काय मजा आहे बुवा तुमची, पन्नास देश पाहिलेत. तो म्हणायचा, पन्नास देशांची फाटकं पाहिलीत. बोट लागायची, माल उतरायचा, हा खाली मशीन उघडून बसलेला, आणि मशीन बंद होईस्तोवर बोट निघालेली. त्यामुळे रिटायर झाल्यावर त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. जमिनीवरून जायचं, सावकाश, आणि वाटेल तिथे थांबायचं. त्याची मुलगी गौरी न्यूझीलंडला असते. तिच्याकडे जाऊन एक मोटरहोम घ्यायचं, म्हणजे आत पलंग, शेगडी, मोरी असलेलं चाकांवरचं घर, आणि वहिनीला घेऊन सहा महिने तो देश पालथा घालायचा. आता एवढं धूड घेऊन गावातल्या बोळात शिरता येत नाही, म्हणून त्याच्यामागे एक छोटी गाडी दांड्याने जोडून ओढत न्यायची. घर कुठेतरी उभं करायचं, गाडी सोडवायची आणि भटकायचं. गौरीने शोधून एक जुनं मोटरहोम घेतलंसुद्धा. ते तिच्या अंगणात उभं राहिलं आणि इकडे दादाचं अडलं ते टायरच्या हवेवर.

मला तेव्हा हसू आलं होतं. एवढं मोठं इंजिन चालवणारा माणूस आणि टायरच्या हवेला घाबरतो. त्याने मला जेवणाच्या टेबलाशी बसवून नीट समजावलं. मोटरहोमला सहा टायर, मागे दोन्ही बाजूंना जोडीजोडीने. जोडीतला एक बसला तर दुसरा मुकाट्याने त्याचं ओझं घेतो आणि तापतो. पण खरी काळजी ओढून नेत असलेल्या गाडीच्या चार टायरची. त्या गाडीत कुणी बसलेलंच नसतं. तिचा टायर बसला तरी पुढे धक्का लागत नाही, स्टिअरिंग ओढत नाही, काही कळत नाही. तुम्ही आपले डोंगर बघत चाललेले असता. मागे रबराच्या चिंध्या होतात, मग लोखंड रस्त्याला घासतं, ठिणग्या उडतात, आणि आग लागते. शेजारून जाणारे लोक हात करून सांगत असतात आणि आपल्याला वाटतं, काय प्रेमळ माणसं आहेत, नमस्कार करतायत. आपणही हात करतो. हे सांगताना दादा हसला नाही, आणि मीही मग हसायची थांबले.

त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक टायरला एक सेन्सर आणि ड्रायव्हरपाशी एक छोटा मॉनिटर. हवा कमी झाली, टायर तापला, की तो ओरडतो. असले दहा टायर सांभाळणारे संच बाजारात ढिगाने मिळतात, आणि दादाने त्या ढिगात उडी मारली. कुठल्याचे सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसतात, लावायला सोपे, पण त्यांच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह हलून हलून चिरतो, म्हणजे आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवा. कुठल्याचे टायरच्या आत बसतात, पक्के, पण बॅटरी संपली की अख्खा टायर उतरवा. मागच्या गाडीपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर एवढं की साध्या मॉनिटरला सिग्नल पोचत नाही, मधे सिग्नल पुढे ढकलणारी एक डबी लागते. या डबीसाठी त्याने काय करावं, तर त्यांच्या ब्लॉकच्या मल्टीस्टोरी पार्किंगमध्ये एका टोकाला पिशवीत सेन्सर ठेवून दुसऱ्या टोकाला हातात मॉनिटर घेऊन पावलं मोजत फिरला. कुणीतरी तक्रार केली, एक गणवेषातला गृहस्थ येऊन नम्रपणे विचारून गेला की अंकल, काय चाललंय. वहिनीने त्यांच्या जेवणाच्या टेबलाचं नाव हवामान खातं ठेवलं होतं. पाहुणे आले की ती सांगायची, ताटं मांडीवर घ्या, टेबलावर खात्याचं काम चालू आहे.

इथे मला माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, कारण गाडं त्याच्यावरच अडलं. कंपन्यांची कॉम्प्युटरं चालू ठेवणं हे आमच्या टीमचं काम. ती दिवसभर ओरडत असतात. फोनवर अलर्ट येतो, आम्ही 'पाहिला' म्हणून दाबतो, तो गप्प होतो, आणि मग सवडीने बघतो काय ते. दहातल्या नऊमध्ये काही नसतंच. इतकी वर्षं हे केल्यावर बोट आपोआप चालतं, डोळा नंतर जातो. दादाला हे ऐकूनच घाम फुटायचा. त्यांच्याकडे उलटं, आधी वाचायचं आणि मगच गप्प करायचं. न वाचता अलार्म बंद करणाऱ्या पोराला त्याने म्हणे एकदा पुढच्या बंदरात बोटीवरून उतरवला होता. मी म्हटलं होतं, बरं झालं बाई मी तुझ्या बोटीवर नव्हते.

तर त्याने निवडलेला पहिला संच आम्ही माझ्या गाडीला लावून पाहायचं ठरवलं. सिंगापुरात पन्नास किलोमीटर सरळ जायचं म्हटलं तरी समुद्र येतो, म्हणून मलेशियातल्या मलाक्काला जाऊन यायचं. वहिनीला त्या दिवशी काहीतरी काम होतं, आम्ही दोघंच निघालो. पेट्रोल भरून, पासपोर्ट घेऊन, माझ्याकडून जवळ म्हणून तुआसच्या पुलावरून पलीकडे गेलो. मी चालवत होते. दादाने त्या दिवशी मुद्दाम मर्यादा आवळून ठेवल्या होत्या. हवा जरा वर गेली की ओरड, जरा खाली आली की ओरड. चारी सेन्सर जागे आहेत ना, ते त्याला बघायचं होतं, पहिल्या थांब्यावर सैल करणार होता. ऊन चढलं, रस्ता तापला, टायरमधली हवा फुगली, आणि मॉनिटर दर पाच मिनिटांनी किंचाळायला लागला. दादा पहाटे उठलेला, त्याला डुलकी येत होती. पण आवाज झाला की डोळे न उघडता तो विचारायचा, कुठला? मी सांगायची, मागचा डावा. किती? मी आकडा वाचायची. असू दे, म्हणायचा आणि पुन्हा मान टाकायचा. असं सात-आठ वेळा झालं. मला त्याची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, माझं डोकंही उठलं होतं. मी हात लांब करून बटण दाबून धरलं आणि आवाज बंद केला.

थांब्यावर उतरलो तेव्हा सांगायला हवं होतं. तो चष्मा न लावता मॉनिटरवर वाकला, मर्यादा सैल केल्या, खूश झाला. कोपऱ्यात आवाज बंद असल्याचं बारीकसं चित्र होतं, ते त्याला दिसलं नाही. मी म्हणणार होते की दादा, आवाज तेवढा चालू कर. पण मग त्याने विचारलं असतं, बंद कुणी केला? त्या बोटीवरच्या पोराची गोष्ट मला आठवली. पन्नाशीची बाई मी, टीममधली वीस माणसं माझ्याकडे विचारून काम करतात, आणि दादा रागावेल म्हणून माझी जीभ उचलेना. मनात म्हटलं, तो चहा आणायला गेला की गुपचूप चालू करू. तो चहा घेऊन आला तेव्हा मी घरी फोनवर बोलत होते, आणि विसरले.

पुढे अर्धा तास छान गेला. दोन्ही बाजूंना पाम तेलाची झाडं, दादा पूर्ण जागा, न्यूझीलंडमध्ये कुठे कुठे थांबायचं ते सांगत होता. मी ट्रकला ओलांडायला उजवीकडच्या लेनमध्ये शिरले. आधी वाटलं रस्ता खराब आहे. धप धप धप असं काहीतरी खालून आलं, मग गाडीचं मागचं अंग डावीकडे सरकायला लागलं, नुसतं सरकायला, जसं कुणी शेपूट धरून ओढतंय. मी ब्रेकवर पाय ठेवणार तेवढ्यात दादा म्हणाला, "ब्रेक नको, शुभे. नुसता पाय काढ." त्याचा आवाज एकदम खालच्या पट्टीत गेला होता. डावीकडे ट्रक होता, त्याची चाकं दादाच्या खिडकीच्या उंचीची. त्याचा हॉर्न वाजत होता, वाजतच होता. तो ट्रक पुढे जाईपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला माझ्या मुलीचा चेहरासुद्धा आठवला नाही, फक्त ती चाकं दिसत होती. मग दादाने हाताने स्टिअरिंगला आधार दिला आणि आम्ही कसेबसे कडेला लागलो. माझी पाचावर धारण बसली होती. बाहेर आले तर जळक्या रबराचा वास असा होता की अजून वाटेत टायरचं दुकान लागलं तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. मागच्या डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यात बोटाएवढी लोखंडी सळई घुसलेली होती.

दादा टायर बघून पुढे आला, चष्मा लावला आणि मॉनिटर बघितला. त्यावर लाल दिवा लुकलुकत होता. हवा उतरायला लागून सहा मिनिटं झाली होती. सहा मिनिटं तो आम्हाला सांगत होता, उन्हात न दिसणाऱ्या दिव्याने. दादा स्टेपनी काढायला मागे गेला. आणि तो वाकलेला असताना मी आत हात घालून ते बटण पुन्हा दाबून धरलं. आवाज चालू झाला आणि मॉनिटर किंचाळला. दादा जॅक हातात घेऊन तसाच सरळ झाला.

"आता येतंय ऐकू," तो म्हणाला. "मघाशी नाही आलं... तुला आलं होतं का?"

त्याने विचारलं असतं, की तू आवाज बंद केला होतास का, तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण माझ्याबद्दल तसा विचार त्याच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती, मी नखशिखांत भ्यालेली होते. ट्रकला नाही, त्याला.

"हो," मी म्हटलं. "काहीतरी वाजलं खरं. मला वाटलं तुझा फोन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली आणि चाकाचे नट सैल करायला बसला.

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. कधीच. परत येतानाही मीच चालवली, तो शेजारी बसून तळहात कानामागे धरून मॉनिटरकडे बघत होता. घरी जाऊन त्याने वहिनीला सांगितलं की इंजिन रूमने माझे कान खाल्ले, शुभाला आवाज आला आणि मला शेजारी बसून आला नाही. मी तिथेच होते, पोह्यांची बशी हातात होती. ते पोहे मी संपवले. पुढच्याच आठवड्यात तो कानांच्या तपासणीला गेला. डॉक्टर म्हणाले, या वयाला आणि या धंद्याला तुमचे कान फारच चांगले आहेत. दादाने रिपोर्ट घडी करून ठेवून दिला. बंद खोलीत सगळ्यांनाच ऐकू येतं, म्हणाला, प्रश्न रस्त्यावरचा आहे. डॉक्टरपेक्षा त्याचा विश्वास माझ्यावर.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. हळूहळू सगळे त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागले. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलवर, त्याचे मित्र टेबलावरून ओरडून विचारायचे, तेह की कोपी, चहा की कॉफी? माझी मुलगी सई, तिचं अर्धं बोलणं इथल्या शाळेतलं, ती त्याच्या कानाशी जाऊन म्हणायची, "मामा, कॅन हिअर ऑर नॉट?" तो दचकायचा. दचकायचाच, कारण त्याला नीट ऐकू येत होतं. मी सईला एकदा इतकी रागावले की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला काय माहीत आई कुणावर रागावली आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते मी सात महिने रोज बघितलं.

न्यूझीलंडची तिकिटं रद्द झाली. तिकडचा उन्हाळा गेला, मोटरहोम गौरीच्या अंगणात गळलेल्या पाल्याखाली उभं राहिलं. हवामान खातं मात्र नव्याने सुरू झालं. आता सेन्सर, व्हॉल्व्ह, बॅटरी सगळं मागे पडलं, आता एकच कसोटी, आवाज किती मोठा. दादा घरात वॉशिंग मशीन लावायचा, स्वयंपाकघरातला पंखा लावायचा, टीव्ही लावायचा, आणि वहिनीला आतल्या खोलीत पाठवून म्हणायचा, कधीही वाजव, मला सांगू नकोस. ती वाजवायची. तो हात वर करायचा. दरवेळी बरोबर हात वर करायचा आणि दरवेळी म्हणायचा, हे घर आहे, हायवे नाही. दिवा मोठा असलेला एक संच आला, परत गेला. सीटखाली थरथरणारं काहीतरी आलं, तेही गेलं.

मी सांगायला निघाले नाही असं नाही. तीनदा निघाले. एकदा पासिर रिसच्या पार्कात, शेजारी शेजारी बसून. मी म्हटलं, दादा, त्या दिवशी मलाक्काच्या रस्त्यावर... तो म्हणाला, तू होतीस म्हणून वाचलो, मी एकटा असतो तर गेलोच होतो. मी नारळपाणी आणायला उठले. दर आठवड्याला ते जास्त अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर रागावला असता, एक दिवस अबोला, दुसऱ्या दिवशी हसला असता. दोन महिन्यांनी सांगायचं म्हणजे त्याच्या दोन महिन्यांचा हिशेब द्यायचा. सात महिन्यांनी... मला त्याच्या रागाची भीती राहिली नव्हती. तो रागावणारच नाही, नुसता माझ्याकडे बघेल, याची भीती वाटायला लागली होती.

तो जायच्या दोन आठवडे आधी मी गेले तेव्हा टेबलावर एकच खोका होता. निवड झाली होती. दहा सेन्सर, धातूचे व्हॉल्व्ह, मधली डबी, आणि मॉनिटरला जोडलेला एक वेगळा भोंगा, बोटीवरचा शोभेल असा. त्याने वाजवून दाखवला. शेजारच्या मलय काकूंनी दार उघडून पाहिलं. दादा कितीतरी दिवसांनी हसत होता. हा मेलेल्यालाही ऐकू येईल, म्हणाला, डिसेंबरला निघतो आम्ही. आणि मला काय वाटलं, सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. मनात आलं, मिटलं, आता सांगायची गरज नाही. जुरोंगपर्यंत परत येताना मी एमआरटीत गाढ झोपले.

तो गेल्यावर इथल्या लोकांनी शोकसभा ठेवली. माणसं भरभरून बोलली. आणि जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं की शेवटी शेवटी बिचाऱ्याचे कान गेले, सुधीरसारखा माणूस खचला, गाडी सोडली, फोनवर बोलणं सोडलं, चारचौघांत गप्प बसायला लागला. एक जण म्हणाले, इंजिनाने त्याचं पोट भरलं आणि इंजिनानेच त्याचे कान नेले. लोकांनी हळहळून माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होते. दुसऱ्याच दिवशी मी लेख लिहिणार नाही म्हणून कळवून टाकलं. कानांशिवाय लिहिता येणार नव्हतं आणि कानांबद्दल लिहायची माझी छाती नव्हती.

मागच्या रविवारी वहिनीने बोलावलं. डिसेंबरला ती जाणार आहे. गौरी चालवणार, ही शेजारी बसणार, आणि तो खोका बरोबर न्यायचा होता. कुठला सेन्सर कुठल्या टायरचा ते मॉनिटरला शिकवायचं असतं, त्यासाठी तिने मला बोलावलं होतं. खोक्यात दादाने प्रत्येक सेन्सरला पांढरी पट्टी चिकटवून ठेवली होती. घर पुढचा डावा. घर मागचा उजवा आतला. मागची गाडी, मागचा डावा. त्याचं ते बोटीच्या लॉगबुकातलं ठळक, सरळ अक्षर. वहिनी शेजारी बसून मला एकेक सेन्सर हातात देत होती. सहा झाले, सातवा झाला. मग ती सहज म्हणाली, यांचे कान शाबूत असते तर एव्हाना जाऊनही आलो असतो गं आम्ही.

मी सांगितलं. पहिल्यापासून, जसं वर लिहिलं आहे तसं. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. वहिनी आठवा सेन्सर मुठीत धरून ऐकत होती.

"ते बटण किती वेळ दाबावं लागतं?" तिने विचारलं.

"तीन सेकंद."

"आणि परत चालू करायला?"

"तेवढंच."

"म्हणजे चुकून नाही," ती म्हणाली.

ती उठून गॅलरीत गेली. कपडे वाळलेले नव्हते तरी काढून घेऊन आली, पुन्हा बाहेर नेऊन वाळत घातले. मला वाटलं ती मला जा म्हणेल. जा म्हणाली असती तर बरं झालं असतं. आत येऊन ती माझ्यासमोर बसली आणि तिने मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. दुपारी तिचा डोळा लागला असं समजून दादा खिडकीपाशी उभा राहायचा आणि कानाजवळ चुटक्या वाजवून बघायचा. आधी एका कानाशी, मग दुसऱ्या. मग हात थोडा लांब नेऊन. रोज. ती जागी असायची आणि डोळे मिटून पडून राहायची, कारण त्याला लाज वाटली असती.

मी माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार होते? तिनेही माफ केलं नाही. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, माझ्याकडून काही त्यांच्याकडे निरोप जात नाही. मग तिने तो आठवा सेन्सर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तो लेख लिहायला नाही म्हणालीस ना तू? लिही. सगळ्यांसमोर लोक त्यांचे कान गेले म्हणून बोलले. आता सगळ्यांसमोरच सांग."

उरलेले तीन मी मॉनिटरला शिकवून दिले. दहाही आकडे लागले. वहिनी दारापर्यंत आली नाही.

हे गौरी वाचेल. माझा नवरा वाचेल, त्यालाही मी आजवर सांगितलेलं नाही. सईला मराठी वाचता येत नाही, तिला मला शेजारी बसवून वाचून दाखवावं लागेल, आणि मामाच्या कानाशी जाऊन ओरडल्याबद्दल मी तिला का रागावले ते सांगावं लागेल. ऑफिसात, देवळात, एमआरटीत ओळखीचं माणूस भेटलं की त्याने वाचलं असेल का, म्हणून मी घाबरत राहीन. राहू दे. मलाक्काच्या रस्त्यावर त्या दिवशी मॉनिटर वाजलाच नव्हता, त्याचा आवाज मी बंद केला होता, आणि मला ऐकू आला हे मी खोटं सांगितलं. माझ्या दादाला शेवटच्या दिवसापर्यंत सगळं नीट ऐकू येत होतं.